खारघरहून घारापुरी : अष्टमीचं गणित

नवरा-बायकोनं एक छोटी शिडाची होडी घ्यायची, सकाळी निघायचं, बेटांच्या मधून फिरायचं, एखाद्या बेटावर उतरून डबा खायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. असं चित्र रंगवायला सांगितलं तर आपल्याला नारळाची झाडं आणि निळंशार पाणी आठवतं, आणि ते सगळं कुठेतरी लांब, विमानानं जायच्या ठिकाणी असतं. खारघर कुणाला आठवत नाही. खारघर म्हणजे पांडवकडा, सेंट्रल पार्क, उत्सव चौक आणि डोंगराला टेकलेल्या इमारती. पनवेलची खाडी याच शहराच्या कडेला आहे, पण ती दिसते लोकलच्या खिडकीतून नाहीतर सायन-पनवेल महामार्गाच्या पुलावरून, आणि तीही क्षणभर. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच: खारघरच्या बाजूनं खाडीत उतरून घारापुरीला जाणं आणि त्याच दिवशी परत येणं हा शिडाच्या होडीचा अगदी नैसर्गिक प्रवास आहे. मात्र त्यासाठी दिवस निवडावा लागतो आणि तो कॅलेंडरवरच्या रविवारावरून निवडता येत नाही. हिवाळ्यातली अष्टमी आणि तिच्या आगेमागचा एखादा दिवस, शुक्ल पक्षातला किंवा कृष्ण पक्षातला, हा या प्रवासाचा दिवस. यात धार्मिक काही नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि वाऱ्याचं वेळापत्रक शेजारीशेजारी ठेवलं की हे उत्तर आपोआप निघतं.

आधी जगातल्या एका प्रसिद्ध ठिकाणाशी तुलना करू. कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन बेटं जोडप्यांच्या शिडाच्या सफरींसाठी नावाजलेली आहेत. ती साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहेत. खारघर एकोणीस अंशांवर. म्हणजे ऊन, दिवसाची लांबी, हिवाळ्यातला सूर्य, सगळं जवळपास सारखं. तरी तिथली सफर आणि इथली सफर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो दोन गोष्टींमुळे. तिथे पूर्वेकडून व्यापारी वारे दिवसरात्र जवळपास एकाच दिशेनं वाहतात, आणि भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटरही नसतो. त्यामुळे तिथला माणूस वारा पाहून निघतो आणि पाण्याची पातळी विसरला तरी चालतं. मुंबईच्या बंदरात नेमकं उलट. इथे वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो आणि पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, तेही पुरुषभर उंचीहून जास्त. कॅरिबियनची सवय घेऊन पनवेलच्या खाडीत उतरलेलं जोडपं दुपारी कुठेतरी चिखलात रुतून बसेल. इथली सफर वेगळ्या हिशेबानं आखावी लागते, आणि तो हिशेब अवघड नाही.

मुंबईला एवढी मोठी भरती का येते, हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीनं खोल समुद्राची पातळी फार बदलत नाही; ती लाट किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शिरली की दाटते आणि उंच होते. मुंबईसमोर समुद्रात बुडालेली उथळ जमीन शेकडो किलोमीटर पसरली आहे. उत्तरेला खंबातच्या आखातात तीच लाट चिंचोळ्या जागेत कोंडली जाते, म्हणून भावनगरला दहा मीटरच्या घरात भरती येते. मुंबई त्या मानानं सौम्य. अपोलो बंदरला उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी सरासरी 4.4 मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला 0.8 मीटरपर्यंत उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, ते 3.3 पर्यंतच चढतं आणि 1.9 च्या खाली फारसं जात नाही. उधाणाचा फरक साडेतीन मीटरहून जास्त, भांगाचा दीड मीटरहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात आणि दोघांच्या ओढीचा परिणाम एकवटतो; अष्टमीला ते काटकोनात असतात आणि एकाची ओढ दुसरा काही प्रमाणात खाऊन टाकतो. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पुस्तकात सहसा येत नाही ती पुढची गोष्ट, आणि या प्रकरणाचा सगळा भार तिच्यावर आहे: उधाण आणि भांग फक्त पाण्याची उंची ठरवत नाहीत, एका ठराविक बंदरापुरती ते घड्याळातली वेळही ठरवून टाकतात.

कोकणपट्टीत एक जुना हिशेब अजून चालतो. तिथीचा आकडा घ्यावा, त्याला तीननं गुणावं, चारनं भागावं. येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब का जुळतो? चंद्र रोज माथ्यावर यायला सुमारे पन्नास मिनिटं उशीर करतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पाऊण तासाचा गुणाकार हे त्याचंच तोंडी करता येण्याजोगं रूप. पक्ष संपला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. त्यात तासाभराची चूक होऊ शकते, हे मान्य करायला हवं. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, भांगाच्या सुमारास रोजचा उशीर पाऊण तासाहून जास्त असतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते. म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्यावी. अपोलो बंदरला पाण्याच्या पातळीची नोंद 1878 पासून होत आली आहे. जगातल्या जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते अशाच नोंदींवर उभे आहेत. तरीही तोंडी हिशेब टाकाऊ ठरत नाही. तक्ता एका दिवसाची वेळ सांगतो. तिथीचा हिशेब वर्षातल्या सगळ्या दिवसांचा आकार एका दृष्टिक्षेपात दाखवतो. त्यातून कळतं की मुंबईला उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येणार, पहाटे-संध्याकाळी ओहोटी असणार. आणि भांगाची भरती नेहमी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येणार, दुपारी ओहोटी असणार. हे कधी बदलत नाही, कारण उधाण आणि वेळ दोन्ही त्याच चंद्राच्या हातात आहेत.

आता वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत इथल्या किनाऱ्यावर दोन वारे पाळीनं वाहतात. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र कोमट राहतो, आणि पहाटे पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. खारघरच्या डोंगरापायथ्याला डिसेंबरच्या सकाळी अंगावर येणारी थंडी याच वाऱ्याची. ऊन वर आलं की जमीन तापते, नऊ-दहानंतर तो वारा मरतो, तास-दोन तास हवा जवळजवळ थांबते, आणि दुपारी बारा-एकच्या पुढे समुद्राकडून खारा वारा येतो. हिवाळ्यात त्याची दिशा बहुतेक वायव्येची असते आणि तो सूर्यास्तापर्यंत टिकतो. पावसाळ्यात हे सगळं मोडतं. नैऋत्येचा एकच जोरकस वारा सगळं व्यापतो, आणि त्या दिवसांत छोट्या शिडाच्या होडीनं बंदरात जाऊ नये, याबद्दल वाद नाही. मार्चनंतर दुपारचा वारा लवकर आणि जोरात येतो. सरावलेल्यांना चालेल, शिकाऊंना नको.

ही दोन वेळापत्रकं एकावर एक ठेवा. खाडीच्या आतून बाहेर जाणाऱ्याला सकाळी ओहोटी हवी, कारण ओहोटी बाहेर नेते. आणि दुपारी भरती हवी, कारण भरती आत आणते. सकाळी त्याला जमिनीकडचा वारा हवा, दुपारी समुद्राकडचा. वारा रोज त्याच्या मनासारखा वाहतो. पाणी मात्र महिन्यातून दोनदाच, अष्टमीच्या आसपास, सकाळी सहाच्या भरतीनंतर बाहेर जायला लागतं आणि दुपारी बाराच्या पुढे आत फिरतं. पौर्णिमेला सकाळभर पाणी आत शिरत असतं. त्या दिवशी निघालेली होडी वाऱ्यानं पुढे आणि पाण्यानं मागे ओढली जाते, आणि परतीच्या वेळीही तेच. निसर्गाच्या दोन घड्याळांपैकी एक सूर्यावर चालतं, दुसरं बऱ्याच अंशी चंद्रावर, आणि खाडीच्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या सोयीनं ती पंधरवड्यातून एकदा जुळतात. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि ती खारघर-बेलापूरच्या माणसाला लागू आहे, गेटवेवरून निघणाऱ्याला नाही, हे तर अधिकच.

हा दिवस प्रत्यक्षात कसा जाईल ते पाहू. बेलापूर-दिवाळ्याच्या बाजूनं घारापुरी पाण्याच्या वाटेनं साधारण बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे सातेक सागरी मैल. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा भरती होऊन गेलेली असते, खाडी काठोकाठ असते आणि पाणी नुकतंच बाहेर सरकू लागलेलं असतं. होडी चौदा-पंधरा फुटांची, मधलं पातं वर उचलता येणारी आणि डोलकाठी आडवी करता येणारी असावी, कारण खाडीवर रस्त्याचे आणि रेल्वेचे पूल आहेत आणि भरतीच्या वेळी पुलाखाली मोकळी जागा सगळ्यात कमी असते. उजवीकडे नेरूळची तिवरं, डावीकडे उलव्याचा भाग. खाडीचं तोंड उघडलं की समोर साष्टीच्या टोकाला तुर्भ्याचा डोंगर आणि डाव्या हाताला न्हावा. साष्टी हे बेटच आहे; न्हावा आणि शेवा हीसुद्धा एके काळी बेटंच होती, आता भरावानं आणि 1989 मध्ये सुरू झालेल्या बंदरामुळे ती जमिनीला जोडली गेली आहेत. मग अटल सेतूच्या खांबांमधून जायचं. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे आणि घारापुरी त्याच्या दक्षिणेला पडते. हा सगळा वेळ वारा पाठीमागून. पाठीमागच्या वाऱ्यात होडी शांत वाटते, पण शिडाची खालची काठी अचानक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरते आणि डोक्याला लागू शकते. नवख्यांनी त्या वेळी मोठं शीड गुंडाळून पुढच्या छोट्या शिडावरच जावं. सकाळच्या मंद वाऱ्यात ताशी तीन मैल मिळाले आणि ओहोटीनं थोडी भर घातली, तर साडेनऊच्या आसपास, वारा मरायच्या आधी, बेट गाठता येतं. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पाहून अष्टमी निवडावी. आणि बेटावर उतरण्याची, होडी लावण्याची रीतसर परवानगी आधी घ्यावी. शेजारचं जवाहर द्वीप तेलाच्या टाक्यांचं आहे. त्याच्याकडे फिरकायचं नाही.

घारापुरीत थांबायला निमित्त लागत नाही. सहाव्या शतकाच्या आसपासची, 1987 पासून जागतिक वारसा यादीत असलेली लेणी, त्यांतली त्रिमूर्ती, शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर ही तीन गावं. समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये इथे कायमची वीज आली, म्हणजे मुंबईच्या दिव्यांकडे रोज रात्री बघणारं हे बेट इतकी वर्षं स्वतः जनरेटरवर होतं. तिथे डबा खाऊन, लेणी पाहून दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यावर आलं की वारा फिरलेला असतो आणि पाणीही. परतीची दिशा पूर्व-ईशान्य, वारा वायव्येचा. तो होडीच्या डाव्या अंगाला, किंचित मागून लागतो. शिडाच्या होडीला सगळ्यात जास्त वेग आणि सगळ्यात कमी त्रास याच कोनात मिळतो. सकाळी अडीच तास लागलेलं अंतर दुपारी दोन तासांच्या आत कापता येतं.

आणि इथेच माझ्या दृष्टीनं अष्टमीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो. पनवेलच्या खाडीत खरं भय लाटांचं नसतं, चिखलाचं असतं. वाट चुकून होडी उथळात टेकली तर पुढे काय होईल, हे त्या क्षणी पाणी चढतंय की उतरतंय यावर अवलंबून असतं. अष्टमीच्या दुपारी तीन वाजता पाणी चढत असतं: पातं वर घ्यायचं, शीड उतरवायचं, पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारत बसायचं, होडी आपोआप सुटते. पौर्णिमेच्या दुपारी तीन वाजता पाणी उतरत असतं, आणि नुसतं उतरत नाही तर सगळ्यात जोरात उतरत असतं. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीनं हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात बाराव्या भागाएवढं, मधल्या दोन तासांत मिळून जवळजवळ निम्मं. उधाणाला हे निम्मं म्हणजे पावणेदोन मीटर. त्या वेळी टेकलेली होडी दहा मिनिटांत चिखलावर बसते आणि रात्रीपर्यंत हलत नाही. त्या गाळात उतरून चालता येत नाही. मांडीपर्यंत पाय जातो. एकाच माणसाची, एकाच जागी, एकाच वेळी झालेली तीच चूक एका तिथीला वीस मिनिटांची आणि दुसऱ्या तिथीला रात्रीपर्यंतची ठरते.

इतिहास जाणणारा वाचक इथे हरकत घेईल. पनवेल हे शतकानुशतकं चालतं बंदर होतं. भोर घाटाचा रस्ता 1830 मध्ये खुला झाल्यावर मुंबई-पुण्याची वाट बोटीनं पनवेल आणि तिथून गाडीरस्त्यानं खंडाळा अशीच होती. 1863 मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा ती मोडली. तांदूळ, मीठ, माणसं, टपाल, सगळं या खाडीतून जात होतं. ते मचवे आणि पडाव काय अष्टमीची वाट पाहत बसत होते? अर्थातच नाही. पण त्यांची गरज वेगळी होती. भरलेल्या मचव्याला खोल पाणी लागतं, आणि पनवेलच्या धक्क्यापर्यंत खोल पाणी उधाणाच्या भरतीलाच मिळतं. मालाला भांग गैरसोयीचा. शिवाय त्यांच्याजवळ वल्ही मारायला खलाशी होते, आणि पाणी उलट फिरलं की नांगर टाकून सहा तास थांबायची तयारी होती. तांडेलाला आजच्या आज परत यायची घाई नव्हती. तो मिळेल ती भरती वापरत होता, कारण त्याचा तो धंदा होता. सहलीला निघालेल्या दोघांना हा सगळा सरंजाम परवडत नाही. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट आहे जी तांडेलाजवळ नव्हती, ती म्हणजे दिवस निवडण्याची मोकळीक. पनवेल बंदराचा इतिहास माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला आधार देतो: या खाडीत प्रत्येकाला आपापल्या कामाप्रमाणे तिथी शोधावी लागत होती.

दुसरी हरकत जास्त तांत्रिक आहे. भांगाचा प्रवाहच मंद, मग त्याची मदत ती किती? खरं आहे, उधाणाच्या तुलनेत तो निम्म्याहून कमी असतो. पण मंद प्रवाहाची बाजू उलटीही बघावी. वारा पडला आणि वल्ही मारायची वेळ आली, तर उधाणाच्या ओघाविरुद्ध दोन माणसं हरतात, भांगाच्या ओघाविरुद्ध टिकतात. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की पाणी खळबळतं, आखूड आणि उभ्या लाटा उठतात. भांगाला ही खळबळ कमी असते. मदत थोडी मिळाली तरी चालेल, अडचण थोडी असणं महत्त्वाचं. वाऱ्याच्या लहरीपणाबद्दल मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. काही दिवशी मतलई वारा सुटतच नाही, काही दिवशी खारा वारा दोन वाजेपर्यंत येत नाही. त्यासाठी पंधरा फुटी होडीवर छोटं इंजिन असावं, आणि ते वापरण्यात कमीपणा मानू नये. शुक्ल अष्टमी निवडली तर उशीर झाल्यावर आणखी एक आधार मिळतो: सूर्य मावळताना अर्धा चंद्र माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत राहतो. कृष्ण अष्टमीला तो चंद्र पहाटे निघताना माथ्यावर सापडतो. लवकर उठणाऱ्यांनी ती घ्यावी.

सगळ्यात गंभीर हरकत जहाजांची. हे बंदर मोकळं मैदान नाही. न्हावा-शेव्याची कंटेनर जहाजं, तेलवाहू जहाजं, नौदल, प्रवासी लाँच, मासेमारी बोटी, सगळी याच पाण्यात. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. हवा स्वच्छ होती, दिवस होता, महिनाही नेमका हाच, ज्याची मी शिफारस करतो आहे. यावर घाईनं उत्तर देणं बरोबर होणार नाही. पहिलं, ज्याच्या अंगावर लाईफ जॅकेट बांधलेलं नाही त्यानं धक्का सोडू नये. आणि ते बाकाखाली नको, अंगावर हवं. दुसरं, शिडाच्या होडीला यांत्रिक बोटीनं वाट द्यावी हा नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे खरा, पण त्याच संहितेत असंही आहे की अरुंद जलमार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला छोट्या होडीनं अडवू नये. दोनशे-तीनशे मीटरचं जहाज थांबू शकत नाही, वळू शकत नाही, आणि त्याच्या नाकासमोरची होडी त्याच्या चालकाला दिसतही नाही. म्हणून वाट आखताना मोठ्या जहाजांचा मार्ग टाळून, उथळाच्या कडेकडेनं जावं. उथळाच्या कडेनं सुखरूप जाता येणं कधी शक्य? परत येताना पाणी चढतं असेल तेव्हा. जहाजांचा प्रश्नसुद्धा शेवटी तिथीपाशीच येतो.

काहीजण म्हणतील, हा श्रीमंतांचा नाद आहे. मुंबईत शिडाच्या होड्यांचा क्लब 1846 मध्ये इंग्रजांनी काढला, आणि आजही यॉट म्हटलं की पैसाच आठवतो. पण हे चित्र अर्धवट आहे. इंजिनं यायच्या आधी या बंदरातला प्रत्येक कोळी शिडावरच जात होता; दिवाळ्याच्या, करंज्याच्या, मोऱ्याच्या माणसांना हे ज्ञान कुणा क्लबानं दिलेलं नव्हतं. आणि आजची उदाहरणं पाहा. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी म्हादेई गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. म्हादेईच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या तारिणीवरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ऑक्टोबर 2024 मध्ये निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे 2025 मध्ये गोव्याला परतल्या. महासागरात जे दोघींना जमलं ते घारापुरीपर्यंत कुठल्याही दोघांना जमेल असं मी म्हणणार नाही. त्या प्रशिक्षित नौदल अधिकारी. पण कामाची वाटणी तीच आहे. एकाच्या हाती सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर, दुसऱ्याच्या हाती पुढचं शीड, मधलं पातं आणि समोरची नजर. छोटी होडी दोन माणसांच्या हिशेबानंच बांधलेली असते. एकाला ती जड जाते, तिघांची तीत अडचण होते. वाऱ्याची झुळूक आली की दोघांनी एकाच क्षणी, न बोलता, एकाच बाजूला वजन टाकायचं असतं. हे आधी एखाद्या हिवाळ्यात शिकून घ्यावं, मग बेटाकडे निघावं.

राहिला खाडीचा प्रश्न. पाणी घाण आहे, हे खोटं नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी कासाडी नदीतून याच खाडीकडे येतं. 2017 मध्ये तिथले भटके कुत्रे निळे झालेले अख्ख्या देशानं पाहिले. तिवरं तोडून धक्के बांधायला तर मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये दिलेल्या निर्णयांमुळे जागाच उरत नाही, आणि ती उरू नये असंच मलाही वाटतं. पण या सफरीला नवा धक्का लागत नाही. बेलापूरला 2022 मध्ये बांधून खुली झालेली जेटी आहे, दिवाळ्याला कोळ्यांचा धक्का आहे. कमी आहे ती एका गोष्टीची: होडी गाडीवरून खाली घेऊन पाण्यात सोडता येईल असा साधा सिमेंटचा उतार, सगळ्यांना खुला, तिवरांना हात न लावता एखाद्या जुन्या धक्क्यालगत. उधाणाच्या ओहोटीलाही वापरता यावा असा उतार बांधायचा तर तो खूप खाली न्यावा लागतो आणि गाळानं भरतो. भांगापुरता बांधायचा तर, अपोलो बंदरचेच आकडे धरले, तरी खालची पातळी 1.1 मीटरनं वर येते. आठास एक अशा उतारावर तेवढ्यानंच नऊ मीटर बांधकाम वाचतं.